डोकं उडालेली अक्षरं

रौहा नेक्वायाला छापील कागदावरची चूक आधी दिसायची, मजकूर मागाहून. ओनीपाच्या मिशनच्या छापखान्यात तिनं चौदा वर्षं मुद्रितं तपासली होती. शाळेची पुस्तकं, स्तोत्रं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे मयताची पत्रकं. मयताच्या पत्रकात माणसाच्या नावाचं एक अक्षर चुकलं, तर घरचे लोक ते नातवंडांच्या लग्नापर्यंत बोलून दाखवतात, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं. तेव्हापासून ती पट्टी धरून ओळ न ओळ वाचायची. पुढे छापखान्यातले शिशाचे खिळे गेले, कॉम्प्युटर आले आणि तिघींचं काम एकीवर आलं. ती एक रौहा नव्हती.

घरी बसून तिनं बाजरीचं एक पीक काढलं. कणसं कोठारात पडली न पडली तोच ओन्डांग्वाच्या एका संस्थेत तिला बोलावणं आलं. शाळांना जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून देणारी ती लहानशी संस्था होती. त्यांना याद्या आणि पत्रं बिनचूक लिहिणारं माणूस हवं होतं. रौहा याद्या लिहायला गेली. पण यादीत 'नादुरुस्त' असा शेरा लिहायचा म्हटलं की तिला ते पटायचं नाही. का नादुरुस्त, काय बिघडलं, हे विचारत विचारत ती स्वतःच मशीन उघडायला शिकली. तीन वर्षांत याद्या दुसऱ्या कुणाकडे गेल्या आणि पेचकस तिच्याकडे आला.

तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. नवरा वॉल्विस बेला मासेमारीच्या बोटीवर होता. तो डिसेंबरात घरी यायचा. दोन्ही मुली राजधानीत, विंडहुकला शिकत होत्या. घरात ती आणि तिची आई, कूकू आउने. मुली आजीला कूकू म्हणत, म्हणून रौहाही आईला कूकूच म्हणायची.

ही गोष्ट २००७ सालची. त्या वर्षी युरोपातून एका कंटेनरमधून तीनशे बारा कॉम्प्युटर आले, सगळे एकाच जातीचे. कुठल्या तरी कचेरीनं एकदम काढून टाकले असावेत. रौहानं त्यांच्यावर संस्थेची नेहमीची मोफत प्रणाली चढवली. ती प्रणाली कुणा एकाच्या मालकीची नव्हती. जगभरची माणसं आपापल्या ठिकाणी बसून ती लिहायची, आणि लिहिलेलं सगळं कुणालाही उघडून वाचता यायचं. मग ड्रायव्हर विल्होनं, आदरानं म्हणायचं तर ताते विल्होनं, पिकअपमधून सव्वीस शाळांत प्रत्येकी बारा कॉम्प्युटर पोचवले. पाऊस नुकताच सरला होता, ओशानांत, म्हणजे पावसात भरणाऱ्या उथळ सखल पट्ट्यांत, अजून पाणी होतं. दोन शाळांत तर मशीन डोक्यावरून न्यावी लागली.

आठवड्याभरात ओकोंगोकडच्या एका शाळेतून नेलाओबाईंचा, तिकडच्या भाषेत मेमे नेलाओचा, फोन आला. नेलाओ तिथं इंग्रजी शिकवायची, आणि रौहाची जुनी मैत्रीण होती.

"रौहा, तुझ्या मशीनना वाळवी लागलीय."

"काय झालं?"

"अक्षरांची डोकी खाल्लीत. मुलं धडा वाचतात, पान मागं नेतात, आणि परत येतात तर ओळीच्या ओळी मुंडकं छाटलेल्या. काल एकानं मला विचारलं, मेमे, हे इंग्रजी का जर्मन?"

"आणि बंद पडतात का?"

"पडतात की. पार दगड होतात. मग प्लग काढायचा."

रौहा आणि ताते विल्हो दुसऱ्याच दिवशी निघाले. शाळेत पोचल्यावर रौहानं पाणीसुद्धा घेतलं नाही. थेट मशीनपुढं बसली. धड्याचं पान उघडलं, खाली गेली, वर आली. नेलाओनं सांगितलं तसंच होतं. प्रत्येक ओळीचा माथा कापल्यासारखा, आणि मध्ये मध्ये जुन्या पानाच्या रेघा राहून गेलेल्या, पाटी नीट पुसली नसावी तशा.

पडद्यावर जे दिसतं ते आपोआप उमटत नाही. आत डिस्प्ले सर्व्हर नावाचा एक प्रोग्राम असतो. बाकीचे प्रोग्राम त्याला सांगतात, इथं खिडकी काढ, तिथं हे अक्षर काढ. आणि तो काढतो. पान सरकवायचं असलं तर तो सगळं नव्यानं रंगवत बसत नाही. ग्राफिक्स कार्डाला सांगतो, हा एवढा चौकोन उचल आणि थोडा खाली ठेव. कार्ड ते डोळ्याची पापणी लवायच्या आत करतं. कार्डाची ही मदत बंद करता येते, पण मग सगळं रंगकाम मुख्य प्रोसेसरच्या गळ्यात येऊन पडतं.

रौहानं मदत बंद करून बघितली. अक्षरांना डोकी आली, पण पान सरकवलं की पडदा वरून खाली सावकाश उतरायला लागला, भिंतीला हातानं चुना द्यावा तसा. शेजारच्या एका विद्यार्थिनीनं आपलं नाव टाइप केलं, आणि ते पडद्यावर उमटेपर्यंत ती बोटं मोडत बसली.

"याच्यापेक्षा डोकं नसलेलं परवडलं," नेलाओ म्हणाली.

पंधरा दिवसांत एकोणीस शाळांतून हीच तक्रार आली. विंडहुकहून संस्थेचे प्रमुख, ताते शिपेना, स्वतः ओन्डांग्वाला आले. भला माणूस होता, पण तक्रारी ऐकून ऐकून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता.

"मेमे रौहा, ती मशीन परत गोळा करा. गोदामात ठेवू. नवी मागवतो."

"नवी कधी येतील?"

"कागद पुढं पाठवतो."

"म्हणजे दोन वर्षं."

शिपेनांनी नाकारलं नाही. "मग तुम्ही काय म्हणता?"

"मला जूनअखेरपर्यंत वेळ द्या. काहीतरी एकच चुकलंय. सगळ्या मशीनना एकच रोग आहे, म्हणजे कारण एकच असणार."

"तुम्ही कोड लिहिता?"

"नाही," रौहा म्हणाली. "पण वाचेन."

शिपेनांनी टोपी उचलली. "जूनअखेर," एवढंच म्हणाले.

रौहानं एका लांबच्या शाळेतून परत आणलेलं एक मशीन टेबलावर मांडलं आणि आधी नुसतं बघत राहिली. खिडकी वर नेली, खाली आणली, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक वेळी काय झालं ते चौकटीच्या वहीत पेन्सिलीनं काढलं. चार दिवसांत वही अर्धी भरली. पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की चौकोन वर सरकवला की कधीच बिघडत नाही. खाली सरकवला की दर वेळी बिघडतो, आणि दर वेळी एकच रेघ जाते, सगळ्यात वरची. मशीन दगड व्हायचं तेसुद्धा खिडकी पडद्याच्या अगदी तळाला टेकलेली असली तरच.

मग तिनं या कार्डापुरता डिस्प्ले सर्व्हरचा जो कोड होता तो सगळा छापून घेतला. सेहेचाळीस पानं निघाली. ती घरी नेली आणि शनिवारी सकाळी मरुलाच्या झाडाखाली खुर्ची टाकून, पट्टी आणि तांबडी पेन्सिल घेऊन बसली. शेजारी कूकू आउने मरुलाच्या बिया फोडत होती.

"कुणाचं मयत एवढं मोठं?" पानांचा गठ्ठा बघून कूकूनं विचारलं.

"मयत नाही गं. दुखणं आहे."

अर्ध्या गोष्टी तिला कळल्या नाहीत. तिनं त्या कळून घ्यायचा हट्टही धरला नाही. छापखान्यात तिनं लॅटिन प्रार्थनाही तपासल्या होत्या, लॅटिनचा एक शब्द न येता. दोन सारखे परिच्छेद शेजारी ठेवायचे आणि कुठं फरक आहे ते बघायचं. दुपारी तिला असे दोन परिच्छेद सापडले. एक उजवीकडे सरकवण्याचा, एक खाली सरकवण्याचा. अक्षरन् अक्षर सारखे. फक्त पहिल्यात शेवटी 'वजा एक' होतं आणि दुसऱ्यात नव्हतं.

सोमवारी तिनं ताते विल्होला ते समजावून सांगितलं, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिचा स्वतःवरच विश्वास बसेना.

"ताते, चर्चच्या बाकावर पाच माणसं बसलीत. सगळ्यांनी एक-एक जागा उजवीकडे सरकायचंय. कुणी आधी उठायचं?"

"उजव्या टोकाच्यानं. नाहीतर मांडीवरच बसायचे."

"तसंच. चौकोन खाली सरकवायचा तर तळाच्या रेघेपासून सुरुवात करायची. आता चौकोन दहाव्या रेघेला सुरू होतो आणि त्यात पाच रेघा आहेत. शेवटची रेघ कितवी?"

विल्होनं हवेत बोटं मोजली. "चौदावी."

"कोड म्हणतो पंधरावी. कार्ड बिचारं पंधरावीपासून पाच मोजतं, आणि दहावी राहून जाते. तेच डोकं. आणि चौकोन पडद्याच्या तळाला असला की पंधरावी रेघ जागेवर नसतेच, म्हणून दगड होतं."

विल्होनं बोटं खाली घेतली. "आणि हे त्या शहाण्या लोकांना दिसलं नाही?"

"त्यांच्याकडे हे कार्डच नाही, ताते."

हे तिला त्याच सकाळी कळलं होतं. डिस्प्ले सर्व्हरवर काम करणारी माणसं एकमेकांना पत्रं लिहायची ती सगळ्यांना वाचता यायची. त्या दिवसांत त्यांना खिडक्या जेलीसारख्या हलवण्याचं आणि पडदा ठोकळ्यासारखा फिरवण्याचं वेड लागलं होतं. नवी कार्डं, नवे खेळ. त्या सगळ्यात इल्मारी नावाच्या एका माणसाचं तीन ओळींचं पत्र होतं. जुन्या कार्डांचा कोड तो सांभाळायचा. या कार्डाचा कोड पुढच्या आवृत्तीतून काढून टाकणार आहे, कारण ते आता कुणी वापरत नाही, असं त्यानं लिहिलं होतं. आवृत्ती जुलैत निघणार होती.

रौहानं इंग्रजीत उत्तर लिहिलं. काय होतं, केव्हा होतं, कुठल्या ओळीत 'वजा एक' राहिलंय. शेवटी नाव लिहिलं, रौहा नेक्वाया, आणि पाठवून दिलं. संस्थेतल्या फोनच्या तारेवरून एक पत्र जायला चहा थंड होण्याइतका वेळ लागायचा.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. वरच्या दोन ओळी इंग्रजी होत्या, खाली सगळं भलत्याच भाषेत. रौहानं ती भाषा ओळखली. दोन-दोन स्वर एकमेकांना चिकटलेले, दोन-दोन व्यंजनं. छापखान्याच्या जुन्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर हीच असायची. फिनिश. तिला त्यातला एक शब्द येत नव्हता, पण ती येणारं माणूस घरातच होतं. कूकू आउनेनं मिशनच्या दवाखान्यात फिनिश नर्सबायांबरोबर एकवीस वर्षं काम केलं होतं.

शनिवारी रौहानं ते छापलेलं पत्र आईच्या हातात दिलं. कूकूनं चष्मा पुसला, ओठ हलवत पहिली चार वाक्यं वाचली, आणि पत्र मांडीवर टाकून हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. रौहानं तिला ओशिकुंदूचा, बाजरीच्या आंबट पेयाचा पेला दिला.

"काय लिहिलंय? कूकू, काय लिहिलंय सांग ना!"

"थांब गं, श्वास घेऊ दे." कूकूनं डोळे पुसले. "हा म्हणतो, 'आदरणीय रौहा, तुमचं नाव वाचून मला माझी आजी आठवली. तिचंही नाव रौहा. आता आमच्याकडे ऐंशीच्या आतल्या कुणाचं हे नाव नसतं.'"

"बरं मग?"

"'तुमचं आडनाव परकं दिसतं, बहुधा लग्नानंतरचं असेल. आपल्या भाषेत लिहितो, राग मानू नका. या वयात तुम्ही डिस्प्ले सर्व्हरचा कोड वाचता हे बघून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.'" कूकूला पुन्हा हसू आलं. "पोरगा तुला म्हातारी समजतोय! ऐक, ऐक. 'डोळ्यांना त्रास होत असेल तर सांगा, मी कोड मोठ्या अक्षरांत पाठवीन. तुम्ही मूळच्या कुठल्या गावच्या?'"

रौहानं डोक्याला हात लावला. तिच्या मुलखात, ओवाम्बोत, गल्लोगल्ली रौहा होत्या, आउने होत्या, विल्हो होते. फिनिश मिशनरी बाप्तिस्म्याबरोबर नावं देऊन गेले आणि ती इथल्या मातीत इतकी मुरली, की ती बाहेरून आली होती हे रौहाला कधी सुचलंच नव्हतं.

"मी सोमवारी इंग्रजीत लिहिते त्याला, गैरसमज झालाय म्हणून."

"तू नको. मी सांगते, तू उतरून घे." कूकू ताठ बसली. "त्यानं एवढं आदरानं लिहिलंय, त्याच्या भाषेत उत्तर जायला हवं. लिही."

कूकू एक-एक शब्द अक्षरांत फोडून सांगत गेली आणि रौहा लिहीत गेली. मध्ये कूकू अडायची, आभाळाकडे बघायची. तिचं फिनिश पन्नास वर्षांपूर्वीच्या दवाखान्यातलं आणि प्रार्थनेतलं. कार्डाला तिच्याकडे शब्द नव्हता, म्हणून तिनं 'रोगी' म्हटलं. पत्र झालं ते असं:

"प्रिय इल्मारी, देवाची कृपा तुमच्यावर असो. ऐंशीची मी आहे, माझी मुलगी नाही. ती त्रेचाळीसची आहे आणि तिचे डोळे उत्तम आहेत. आम्ही ओनीपाचे. हे नाव तुमच्या लोकांनी आणलं. तुम्ही ते विसरलात, आम्ही ठेवलं. तुम्ही लिहिता की हे कार्ड कुणी वापरत नाही. आमच्याकडे तीनशे बारा रोगी आहेत, सव्वीस शाळांत. सगळ्यांच्या अक्षरांचा वरचा भाग कापला जातो. जखम कुठं आहे ते माझ्या मुलीनं दाखवलं आहे. रोगी जिवंत असताना त्याची खाट काढू नये. तुमच्या आजीला माझा नमस्कार सांगा. आउने."

"'खाट' ठेवायचं?" रौहानं विचारलं.

"ठेव. कळेल त्याला."

खाली रौहानं सव्वीस शाळांची यादी जोडली.

सोमवारी पत्र गेलं आणि इल्मारीचं उत्तर त्याच दिवशी आलं, एकच ओळ: खाट काढणार नाही. पुढच्या पत्रात सविस्तर लिहिलं होतं. आजी हयात नव्हती, पण आईला त्यानं कूकूचं पत्र फोनवर वाचून दाखवलं. आई म्हणाली, असं फिनिश तिनं लहानपणी चर्चमध्ये ऐकलं होतं, त्यानंतर कधी नाही. आणि मग कामाचं. रौहानं सुचवलेली दुरुस्ती त्यानं सगळ्यांपुढं ठेवली होती. कार्ड वापरणारे आणखी दोघं पुढं आले होते. पण त्यांच्याकडे ही दुरुस्ती चढवल्यावर उलटंच झालं. आतापर्यंत नीट चालणाऱ्या त्यांच्या मशीनवर अक्षरांचे पाय कापले गेले. दुरुस्ती या रूपात घेता येणार नाही, असं त्यानं लिहिलं होतं.

रौहाला ते पत्र फार लागलं. चौदा वर्षांत तिचं तपासलेलं मुद्रित कुणी परत पाठवलं नव्हतं. त्या दिवशी ती जेवणाच्या सुटीत बाहेर आली नाही. ताते विल्हो कपानाचा कागदी पुडा घेऊन आत आला, तिखट लावलेलं मांस तिच्यापुढं ठेवलं आणि म्हणाला, "खा आधी."

"माझ्यामुळं दोन धडधाकट मशीन आजारी पडली, ताते."

"मग आता तुला काय काय माहीत झालं?"

"काय?"

"हेच की दोन तऱ्हेची कार्डं आहेत. एकाला ते तुझं वजा लागतं, दुसऱ्याला चालत नाही. माझ्या पिकअपचंही तसंच आहे. नाव तेच, वर्ष वेगळं, आणि पार्ट बसत नाही."

रौहानं तोंडातला घास चावायचा थांबवला. मग हात पुसून उठली आणि गोदामात गेली. मागच्या कंटेनरमधली दोन मशीन तिथं पडून होती. त्यांतही हेच कार्ड होतं, पण त्यांच्याबद्दल कधी तक्रार आली नव्हती. तिनं चारही बाजूंचे स्क्रू काढले, कार्ड उजेडात धरलं. चिपवर बारीक अक्षरांत लांबलचक क्रमांक छापलेला होता. नव्या मशीनमधलं कार्ड शेजारी ठेवलं. क्रमांक तोच. शेवटचं एक अक्षर सोडून. जुन्यावर बी होतं, नव्यावर सी.

ती तिथंच, गोदामाच्या फरशीवर, मांडी घालून बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई गं!"

बी चिप मनातल्या मनात एक वजा करून घेत होती. सी करत नव्हती. कारखान्यात कुणीतरी मध्येच बदल केला होता आणि कोड लिहिणाऱ्यांना सांगितलं नव्हतं. पुढचे तीन दिवस रौहानं गोदामातली आणि जवळच्या पाच शाळांतली कार्डं उघडून प्रत्येकाचं अक्षर आणि मशीन आतून सांगतं तो आवृत्तीचा आकडा, असा तक्ता केला. त्रेसष्ट कार्डं. अक्षर आणि आकडा प्रत्येक ठिकाणी जुळले. त्या आकड्यावरून दोघांना वेगळं ओळखता येत होतं. कोडमध्ये तिनं दोनच ओळी घातल्या: आकडा सीचा असेल तर एक वजा कर, नाहीतर आहे तसं राहू दे.

या खेपेला इल्मारीनं इंग्रजीत लिहिलं. दुसऱ्या दोघांची मशीन ठणठणीत आहेत, असं त्यानं कळवलं. पुढं त्यानं लिहिलं होतं की हे कुणाच्या लक्षात आलं नसतं, आणि जुलैत तो स्वतःच हा कोड पुसून टाकणार होता. दुरुस्ती लिहिणाऱ्याचं नाव म्हणून त्यानं 'रौहा नेक्वाया, ओन्डांग्वा' असं नोंदवलं होतं. स्पेलिंग बरोबर आहे ना, ते बघून सांगा, अशी विनंती होती. रौहानं दोनदा बघितलं. बरोबर होतं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ती आणि विल्हो पुन्हा शाळांच्या फेरीला निघाले. तिकडे जूनमध्ये येणारा हिवाळा लागला होता, सकाळी पिकअपच्या काचेवर दव असायचं. ओकोंगोकडच्या शाळेत रौहानं बारा मशीनवर नवा कोड चढवला, आणि नेलाओनं सातवीचा वर्ग आत घेतला. एका मुलीनं धडा उघडला, पान खाली नेलं, वर आणलं, परत खाली नेलं. सगळी अक्षरं डोक्यापासून पायापर्यंत जागच्या जागी होती आणि पान पाण्यावर सोडलेल्या होडीसारखं सरकत होतं. मुलं धडा वाचायचं सोडून नुसतं वर-खाली करत राहिली.

"बास की आता," नेलाओ ओरडली. "वाचा!"

पण तिनं स्वतःही दोनदा वर-खाली केलं.

शिपेनांना रौहानं फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मेमे, मी गोदामाची जागा मोकळी करून ठेवली होती." आणि हसले. "आता तिथं तुमचं टेबल टाकू."

टेबल खरंच टाकलं. खिडकीजवळ.

इल्मारी आणि कूकू आउनेची पत्रं त्यानंतर चालूच राहिली, रौहाच्या हातून. त्यांत कोडचा शब्द नसायचा. बर्फ किती पडलं, बाजरी कशी आली, त्याच्या मुलीला दात आले, असलं. एकदा त्याच्या आईनं लोकरीचे राखाडी मोजे विणून पाठवले. ओवाम्बोत मोजे! पण जुलैच्या पहाटे कूकू ते घालून अंगणात बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाय पुढं करून दाखवायची.

वर्षभरानं इल्मारीनं त्या कार्डाचा सगळा कोड रौहाच्या स्वाधीन केला. जगात कुठंही त्या कार्डावर काही बिघडलं की लोक आता तिला लिहायचे. कोचाबांबाचा एक शिक्षक, जॉर्जियातलं एक ग्रंथालय, नेपाळातला एक टपाल कारकून. ती प्रत्येकाला आधी एकच उत्तर द्यायची: चौकटीच्या कागदावर चित्र काढून पाठवा. काहींना ते विचित्र वाटायचं. पण चित्रं यायची.

तीनशे बारा मशीन हळूहळू संपली. वीज पडून काही, धुळीनं काही, वयानं बाकीची. शेवटचं त्सान्दीच्या शाळेत होतं, ते २०१३च्या मार्चमध्ये गेलं. रौहानं महिनाभर सगळ्यांना पत्रानं विचारलं, हे कार्ड अजून कुणाकडे आहे का. कुणी हो म्हणालं नाही. मग तिनं स्वतःच तो कोड काढून टाकला, सेहेचाळीस पानांचा, आपल्या दोन ओळींसकट. कारण लिहायच्या जागी तिनं लिहिलं, "आता रोगी उरला नाही." ते वाचून इल्मारीनं कूकूला वेगळं पत्र पाठवलं, आणि कूकूनं ते दोनदा वाचून घेतलं, एकदा मोठ्यानं.

त्या आठवड्यात संस्थेकडे लहान लॅपटॉपची नवी खेप आली. कार्ड वेगळं, कोड वेगळा, लिहिणारी माणसंही वेगळी. रौहानं पहिलाच लॅपटॉप उघडला, खिडकी पकडून तिरकी ओढली आणि पडद्याच्या कोपऱ्याकडे डोळे बारीक करून बघितलं.

"काय?" ताते विल्होनं दारातून विचारलं.

"काही नाही. बाणाची सावली एक ठिपका उजवीकडे पडतेय."

"मला तर दिसत नाही."

"पडतेय," रौहा म्हणाली, आणि तिनं खणातून चौकटीची कोरी वही काढली.